परवान्याची मुदत

शुक्रवारी उपासना संपल्यावर
कुरुविल्लानं पत्र्याचं कपाट उघडून दिलं.
"एक वाजेपर्यंत. मग मला भात लावायचाय."
मनामातला ऑगस्ट. खिडकीतला एसी
बादलीत थेंब गाळत बसलेला,
आणि वह्यांना तो वास,
वाळवलेल्या सुरमईचा आणि डिंकाचा.

मी हिशेबनीस माणूस. बोट ओळीवर ठेवून वाचतो.
क्रमांक चाळीस, सन एकोणीसशे एकावन्न:
केरूबाई यशवंत भांबळ, जिल्हा अहमदनगर,
मिशन हॉस्पिटलात परिचारिका, वय चोवीस, कुमारी.
शांतवन लादू ओहोळ, तेल कंपनीत कारकून,
वय एकतीस, बिजवर.
फी रुपये पाच.

बिजवर!
आमच्या घरात हा माणूसच नव्हता,
त्याची पहिली बायको कुठून असणार?
पप्पांनी कॅलेंडरच्या पाठीवर वंशावळ काढलीय.
तिच्यात केरूआत्याच्या नावापुढं
एक आडवी रेघ आहे, आणि रेघेच्या टोकाला कोणी नाही.
घरी आलं ते एवढंच: शिलाई मशीन, खजुराचे डबे,
पप्पांच्या बोर्डिंगची फी, दर जूनला, न चुकता.

मी तिथूनच संगमनेरला बहिणीला फोन लावला.
"सलोमी, आत्याचं लग्न झालेलं!"
ती म्हणाली, "शाईनं लिहू नकोस अजून."

बरोबर होतं तिचं.
कुरुविल्ला कांदा सोलता सोलता म्हणाला,
हे परवान्यांचं पुस्तक. लग्नांचं ते दुसरं, निळ्या कापडाचं.
परवाना म्हणजे लग्न करू म्हणणं.
मुदत तीन महिने.

मुदत मला शिकवायला नको.
माझ्या पाकिटातल्या प्रत्येक कार्डावर एक तारीख आहे
तिच्यानंतर मी इथला नाही.

निळं पुस्तक घेतलं. तीन महिने, मग सहा, मग वर्ष.
गोव्याचा एक सुतार. तिरुनेलवेलीचे दोघे भाऊ, एकाच दिवशी.
एक इंग्रज सार्जंट, ज्याच्या सहीवर चहा सांडलाय.
ओहोळ नाही. भांबळ नाही.
दफनांची वहीही चाळली, मन घट्ट करून.
तिथंही नाही, हे बरं वाटलं,
आणि बरं का वाटावं, ते कळलं नाही.

साडेबारा.
वही मिटता मिटता नजर उजवीकडं घसरली,
साक्षीदारांच्या रकान्यात,
जिथं आपलं माणूस कोणी शोधत नाही.
तिथं होती ती.
त्रेपन्नमध्ये एकदा. छप्पनमध्ये तीनदा.
के. भांबळ, के. भांबळ,
प्रत्येक नर्सच्या लग्नात पुढं झालेली,
'भ'ची गाठ प्रत्येक वेळी निबानं फाटलेली.

आणि एकोणसाठ, फेब्रुवारी. कुणा रिबेका-मनोहरचं लग्न.
साक्षीदार पहिला: के. भांबळ.
साक्षीदार दुसरा: एस. एल. ओहोळ.
शाई एकच. जांभळट.
सह्या इतक्या जवळ की त्याच्या 'ओ'चा काना
तिच्या 'ळ'ला टेकलाय.

आठ वर्षं.
काय आडवं आलं ते वहीत नाही.
वहीला रकाने असतात, वहीला तोंड नसतं.
मी मोबाईलवर फोटो काढला, तो हलला,
पुन्हा काढला.

घरी येताना बेकरीपाशी रांगेत उभा होतो
तेव्हा सलोमीनं फोन पप्पांच्या कानाला लावला.
पप्पांना हल्ली जेवण झालं की नाही तेही आठवत नाही.
मी ओरडून विचारलं, "पप्पा, ओहोळ कोण?"

जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"पेनवाले ओहोळ?
दर नाताळाला मला शाईचं पेन यायचं बोर्डिंगात.
केरूआत्याच्या पार्सलात.
चिठ्ठी वेगळी असायची."

"काय असायचं चिठ्ठीत?"

"अक्षर सुधार," म्हणाले.